पासष्टीच्या अलीकडे

९ फेब्रुवारी

चि. बेबी,

आशीर्वाद घे, आधी खाली बस आणि मग वाच. मी घरी आहे, खुर्चीत आहे, माझ्याच हाताने लिहितोय. तेव्हा घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही.

गेल्या मंगळवारी जिन्यात माझा श्वास अडकला. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो आणि पुढची पायरी काही केल्या येईना. खालचे घड्याळजी दुकान उघडं टाकून धावले, तुझी वहिनी गळ्यातली टेप तशीच लोंबत ठेवून खाली आली, आणि ॲम्ब्युलन्सने मला नेऊन टाकलं ते थेट तुझ्या खात्यात. तिथल्या सिस्टर तुझ्याच जातीच्या. आधी रागावल्या, मग इंजेक्शन दिलं, मग परत रागावल्या. छातीत पाणी झालं होतं म्हणे. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सोडलं. एक पैसा घेतला नाही. इमर्जन्सीत आलेल्या म्हाताऱ्याकडून घेतच नाहीत. पाहुणचार म्हणावा तर तो हा.

तुझी वहिनी शिवायला जायची ते शाळेच्या गणवेशांचं दुकान बंद झालं, त्याबरोबर तिचा विमाही गेला. पण तिच्या गोळ्यांची सोय मी केली आहे. तिलाही डॉक्टरांनी माझीच हृदयाची गोळी दिली आहे, मला दिवसाला दोन, तिला एक. चाळीस वर्षांच्या संसारात आमचं एवढं एकच जुळलं. ती आता घरीच शिवते, दिवसभर मशीन चालू असतं. मला अर्थात ऐकू येत नाही, पण टेबल थरथरतं त्यावरून कळतं.

फोन करू नकोस. अडतीस वर्षं छापखान्यात मशीनशेजारी उभं राहून कान गेले ते गेले. तू बोलशील, मी हो हो म्हणेन, आणि कशाला हो म्हणालो ते नंतर वहिनीला विचारत बसेन. पत्र बरं.

तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

मी खाली बसले नाही. ड्यूटीवरून आले होते, उभ्यानेच वाचलं आणि मग पाय दुखायला लागले.

आता मी बहीण म्हणून नाही, सिस्टर म्हणून विचारते. पाय सुजतात का? सुजत असतील तर बोटाने दाबून बघ, खड्डा राहतो का. वजन रोज बघतोस का? उशा किती लागतात झोपायला? आणि मुख्य म्हणजे गोळ्या वेळेवर घेतोस का?

रागावू नकोस. आमच्या वॉर्डात रोज तुझ्यासारखे चार जण येतात. छातीत पाणी, नाहीतर साखर आभाळाला टेकलेली, नाहीतर प्रेशर. आम्ही त्यांना उभं करतो, घरी पाठवतो आणि सहा आठवड्यांनी तेच तोंड परत दारात. विचारलं की म्हणतात, गोळ्या घेतो की. मग घरचं माणूस मागून मान हलवतं. निम्मे लोक विसरतात, बाकीच्यांना विसरल्याचंही आठवत नाही. तू एकाहत्तरचा झालास, विसरलास तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

सोबत एक डबी पाठवली आहे. सात वारांचे सात कप्पे आहेत. रविवारी भरायची, रोज त्या त्या वाराचा कप्पा रिकामा करायचा. वहिनींना सांग लक्ष ठेवायला. त्यांचं ऐकशील.

तुझी
बेबी


४ मार्च

चि. बेबी,

डबी मिळाली. पण एक गोष्ट तुला लेखी देतो, जपून ठेव. मी गोळी विसरत नाही. अडतीस वर्षांत एकदाही माझ्यामुळे मशीन उशिरा सुरू झालं नाही. पहाटेचा अंक असो की निवडणुकीचा, मी हजर. तो माणूस गोळी विसरेल? डबी मी वहिनीला दिली. दर रविवारी मीच भरून देतो, तिला ते आवडतं. म्हणते, लग्नात नाही पण आता तरी काहीतरी भरून दिलंत.

पायांचं म्हणशील तर थोडे सुजतात. बूट सैल केले आहेत.

एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही, खालच्या घड्याळजींसाठी. त्यांच्या बायकोलाही हृदयाचा त्रास आहे. ती पासष्टच्या आतली, त्यामुळे ज्येष्ठांच्या औषध योजनेचं कार्ड तिला अजून नाही. विकत घ्यायची म्हटलं तर महिन्याच्या गोळ्यांत त्यांचं निम्मं भाडं जातं. कार्ड मिळायला वर्षभर अवकाश आहे. तोवर गोळी एक दिवसाआड घेतली तर चालेल का, असं ते विचारत होते. तुझ्या कानावर घालतो म्हणालो.

तुझा
दादा


१४ मार्च

प्रिय दादा,

माफ कर. तुला विसराळू म्हणाले हे माझं चुकलंच. तीस वर्षं तीच तोंडं बघून सगळ्यांना एकाच मापाने मोजायची सवय लागते.

घड्याळजींना माझा निरोप सांग. एक दिवसाआड अजिबात नको. असं करणाऱ्या बायका आमच्याकडे येतात आणि सगळ्याच घरी परत जात नाहीत. धडधाकट पुरुषाचं एखाद वेळ निभावून जाईल, अशक्त बाईचं नाही निभायचं. त्यांनी काहीही करावं, डॉक्टरांशी बोलावं, रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो तिथे अर्ज करावा, पण तिची गोळी एक दिवसही चुकवू नये. हे असंच्या असं सांग.

तुझी सूज थोडी म्हणजे किती, ते तू लिहिलंच नाहीस.

तुझी
बेबी


३० जून

चि. बेबी,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं तेव्हा हात चालत नव्हता, आणि हात चालायला लागला तेव्हा सांगावंसं वाटेना. एप्रिलमध्ये एकदा आणि आता गेल्या आठवड्यात, अशी दोनदा परत वारी झाली त्या इमर्जन्सीची. आता तिथला वॉर्डबॉय मला नावाने हाक मारतो.

या खेपेला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हुशार आहेत, पण पोलिसासारख्या विचारतात. काका, गोळ्या रोज घेता? दोन घेता? नक्की दोन? मी हो म्हणालो तरी त्यांचं समाधान होईना. दोन गोळ्या घेऊन माणूस पाच महिन्यांत तीनदा येत नाही, म्हणाल्या. वहिनीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, हे स्वतः चुकवत नाहीत आणि मलाही चुकवू देत नाहीत.

घड्याळजींना मी अर्जाचं सांगितलं होतं. त्यांनी केला. उत्तर आलं की नवरा निवृत्तिवेतन घेतो तेव्हा घर गरीब धरता येत नाही.

तू एक काम कर. त्या डॉक्टरीणबाईंना तुझ्या रुग्णालयाच्या कागदावर चार ओळी लिही. तुम्ही लोक एकमेकांचा शब्द मानता. त्यांना सांग की माझ्यावर शंका घेऊ नका आणि औषध कमी पडत असेल तर वाढवा. पत्ता खाली दिला आहे.

तुझा
दादा


८ जुलै

प्रिय दादा,

तीनदा झालं आणि मला आता कळवतोस. यावर भेटल्यावर बोलू.

डॉक्टरांना लिहिलं. काय लिहिलं ते तुलाही सांगते, म्हणजे माझी माफी पुरी होईल. ‘माझा भाऊ औषध चुकवणाऱ्यांतला नाही. घेतो म्हणाला म्हणजे घेतोच. तीस वर्षं या कामात असलेली सिस्टर म्हणून मी याची खात्री देते. गोळी कमी पडते आहे असं धरून पुढे जावं.’

त्यांचं उत्तर लगेच आलं. आभार मानले आहेत. पुढच्या तपासणीत दोनाच्या तीन करणार आहेत. तीन सुरू झाल्या की पहिले काही दिवस उठताना सावकाश ऊठ, प्रेशर खाली येतं. आणि आता तरी मला खरं खरं कळवत जा.

तुझी
बेबी


२ सप्टेंबर

चि. बेबी,

तुझ्या चार ओळींनी जादू केली. महिनाभर झाला, माझा श्वास पूर्वीसारखा चालतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि जिना एका दमात. बुटांच्या नाड्या परत घट्ट बांधतो. परवा वहिनीला घेऊन नदीपर्यंत चालत गेलो. ती दमली, मी नाही. बाकावर बसून तिने मला तिचा पुढच्या वर्षाचा बेत सांगितला, की कामं कमी करायची आणि तुझ्याकडे येऊन चांगले पंधरा दिवस राहायचं. मार्चनंतर जाऊ, म्हणालो. मार्चनंतर सगळं सोपं आहे.

तू विचारशील म्हणून लिहितो, घड्याळजींची बायको उत्तम आहे. एकही दिवस चुकलेला नाही.

तुझा
दादा


६ डिसेंबर

प्रिय बेबीवन्सं,

तुम्ही परत गेलात त्याला आज तीन आठवडे झाले. आजवर यांच्या पत्राच्या शेवटी माझा नमस्कारही जायचा नाही, ते तुमच्या दोघांचं होतं. आज मला लिहायला लागतंय, कारण विचारण्यासारखं दुसरं कोणी नाही.

हे रुग्णालयात गेल्यापासून घरात उरलेल्या गोळ्यांनी मीच डबी भरत होते, त्याही संपत आल्या म्हणून मी परवा औषधांच्या दुकानात गेले. आजवर हेच जायचे. मला म्हणायचे, माझ्या कार्डावर तुझंही नाव आहे, बायकोचं असतंच. मी कार्ड पुढे केलं. दुकानदाराने ते घेतलं नाही. मला आत बोलावलं, खुर्ची दिली. म्हणाला, काकू, कार्ड काकांबरोबर बंद झालं आणि त्यावर तुमचं नाव कधी नव्हतंच. तुम्हाला पासष्ट पूर्ण नाहीत. मी विचारलं, मग वर्षभर माझ्या गोळ्या कुठून येत होत्या? त्याने वही उघडली. मग म्हणाला, गेल्या वर्षी काका तुमची चिठ्ठी घेऊन आले होते, किंमत विचारली, बरं म्हणाले आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवून गेले. त्यानंतर फक्त स्वतःच्याच गोळ्या न्यायचे.

घरी आले आणि टेबलाशी बसले. शिवणाऱ्या बाईला कापड कुठून कमी झालं ते कळायला वेळ लागत नाही. त्यांच्या दोन होत्या तेव्हा एक माझ्या डबीत आली. तीन झाल्या तेव्हा त्यांना दोन मिळाल्या. घड्याळजींकडेही गेले, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांची बायको सहा वर्षांपूर्वीच वारली, हे मला ठाऊक होतं, पण तुमच्या दादांनी तिचं नाव कुठे वापरलं ते काल तुमची पत्रं वाचली तेव्हा कळलं. ती पत्रं त्यांच्या कपाटात शर्टांखाली होती.

आता जे विचारायचंय ते विचारते. ऑक्टोबरात खोकला धरला म्हणून त्यांना भरती केलं, तेव्हा बरे होते, बोलत होते. तिथे त्यांना कागदावर होत्या तशा तीन गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी ते सिस्टरला म्हणाले, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ही तिसरी जास्त होते का बघा. तिने कागद दाखवून मोठ्याने विचारलं, “पण काका, घरी तीनच घेता ना?”

मी पलंगाशेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हो, तीनच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये पडले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. खुब्याचं हाड, ऑपरेशन, मग फुप्फुसं, आणि अकराव्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला ओळखलंही नाही.

तुम्ही नर्स आहात. मला खरं सांगा. माझ्यामुळे गेले का?

अकरा गोळ्या उरल्या आहेत. मला त्या घेववत नाहीत.

तुमची
वहिनी


१५ डिसेंबर

वहिनी,

पत्र दोन दिवस हातात धरून बसले. तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं लिहिते.

गेले ते त्या तिसऱ्या गोळीने. अंगाला दोनाची सवय आणि पोटात तीन, त्यात ताप, खाणं नाही. प्रेशर खाली गेलं, ते पडले. पण ती तिसरी गोळी कागदावर तुम्ही नाही आणली. मी आणली. डॉक्टरांना शंका आली होती. ती बरोबर शंका होती. अजून एक-दोनदा विचारलं असतं तर कदाचित दादा बोलला असता, किंवा त्यांनी गोळ्या मोजल्या असत्या. मध्ये मी पडले. तीस वर्षांच्या नोकरीची खात्री दिली आणि त्यांचं तोंड बंद केलं.

आणि त्याआधीचं. अशक्त बाईची गोळी एक दिवसही चुकवू नका, पुरुषाचं निभावेल, हे कोणी लिहिलं? मीच. त्याने मला विचारलं होतं की काय करू, आणि मी त्याला सांगितलं. त्याचं सप्टेंबरचं पत्र माझ्यासमोर आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक असं सरळ लिहिलंय त्याने. तीन लिहून दिल्या होत्या आणि तो दोन म्हणतोय. मी ते वाचून हसले होते, जिन्याचं वाचून. वॉर्डात दुसऱ्याच्या कागदावर असं दिसलं असतं तर मी तिथल्या तिथे पकडलं असतं.

तुमच्या गोळ्यांची सोय झाली असं त्याने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. कशी झाली, ते मी कधी विचारलं नाही.

सोबत मार्चपर्यंतच्या गोळ्या पाठवते आहे. तुम्ही त्या घ्या. दादासाठी घ्या असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायचा मला अधिकार नाही. माझं माणूस आता तुम्हीच उरला आहात, म्हणून घ्या.

बेबी


२६ मार्च

प्रिय बेबीवन्सं,

तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण रागात होते. लिहायला बसले की तुमच्याबद्दल वाईट लिहिलं जायचं, आणि कागद फाडावा लागायचा. तुमच्यापेक्षा त्यांचा राग जास्त आला. मला न विचारता माझ्यासाठी असं करायचं, आणि मी रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून ती गोळी घ्यायची, वर पाणी प्यायचं. मला सांगितलं असतं तर मी अजून चार घरांची कामं घेतली असती, वरची खोली भाड्याने दिली असती, भांडले असते. भांडायला तरी मिळालं असतं.

तुम्ही पाठवलेल्या गोळ्या आल्या तरी पहिले चार दिवस घेतल्या नाहीत. पाचव्या दिवशी जिन्यात बसावं लागलं, तेव्हा घड्याळजी दुकान सोडून आले आणि शेजारी बसून राहिले. त्या दिवसापासून घेते.

सोळा तारखेला पासष्ट पूर्ण झाली. कार्ड आठवड्यात आलं. दुकानदाराने गोळ्या दिल्या, मी सही केली. दोन मिनिटांचं काम होतं, वन्सं. दोन मिनिटं लागली.

तुम्ही स्वतःला किती बोल लावता ते तुमच्या अक्षरावरून कळलं. जेवत जा.

तुमची
वहिनी


१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

जेवते. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून नीट जेवते.

काल वॉर्डात एक निवृत्त बसचालक आले. तीन महिन्यांत चौथ्यांदा. छातीत पाणी. आमचे डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते, पेन टेकलंच होतं. मी म्हणाले, दोन मिनिटं थांबा. खुर्ची ओढून काकांजवळ बसले. गोळ्या घेता का, असं मी विचारलं नाही. तीस वर्षं तेच विचारत आले. हळू आवाजात विचारलं, “घरी या गोळ्या अजून कोण घेतं?”

त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग मान वळवली. दाराजवळच्या बाकावर त्यांची बायको बसली होती, मांडीवर त्यांचे बूट घेऊन. म्हणाले, तिला कळू देऊ नका.

मी म्हणाले, कळू द्यावंच लागेल काका. माझ्या घरी कळू दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावरचा आकडा बदलला नाही. बाईंचंही नाव लिहून घेतलं, त्यांनाही तपासलं. आमच्या कपाटातून तीन आठवडे पुरतील एवढ्या गोळ्या त्यांच्या स्वतःच्या नावाने दिल्या. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसून कितीतरी वेळ भांडत होती. मी कोणाला त्यांना उठवू दिलं नाही. पुढचं काय ते मला माहीत नाही. अर्ज भरून घेतला आहे.

मी मे महिन्यात पंधरा दिवस तुमच्याकडे येते.

तुमची
बेबी


२७ एप्रिल

प्रिय बेबीवन्सं,

या. वाट बघते.

त्या बाईंना पासष्ट पूर्ण व्हायला किती महिने आहेत, ते तुमच्या पत्रात लिहायचं राहिलं. तेवढं कळवा.

तुमची
वहिनी